सगळं मिळून सात

दिर्क्सनबाई पहिल्यांदा दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा ओन्नो बोलेनला वाटलं, ह्या विमा विकायला आल्यात. खांद्याला चामडी पिशवी, चिखलाच्या दिवसांतही स्वच्छ बूट, आणि बोलणं इतकं गोड की ओन्नोने दार अर्धंच उघडं ठेवलं.

"विमा आहे आमचा," तो म्हणाला. "घराचा आहे, गाडीचा आहे. बायकोने माझाही उतरवलाय म्हणे."

"मी काही विकत नाही हो. उलट मागायलाच आलेय. तुमच्या घराची चिठ्ठी निघालीय."

आतून टाल्केचा आवाज आला, "चिठ्ठी निघालीय आणि बाईंना वाऱ्यात उभं केलंस? आत घे की!"

असा तो धागा जुळला. ओन्नो तेव्हा तिशीतला, त्यांच्या ओल्डरझील गावापासून नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या जहाजांच्या कारखान्यात वेल्डर. त्याची बायको टाल्के जवळच्या लेअर शहरातल्या एका बेकरीत अर्धा दिवस काम करायची. त्यांची मुलगी वीबके तेव्हा टेबलाखाली रांगत होती आणि तिने दिर्क्सनबाईंच्या बुटाची नाडी सोडवून टाकली होती.

टाल्केने चहा ठेवला. कपात खडीसाखर तडकली, वर सायीचा ढग उठला, आणि बाईंनी काम सांगितलं. देशभरातली काही हजार घरं चिठ्ठी टाकून निवडलीत. दर वर्षी त्याच माणसांना तेच प्रश्न विचारायचे. काम काय, पगार किती, भाडं किती, आजारपण काय, आणि शेवटी, माणूस समाधानी आहे का. ही उत्तरं बर्लिनला जातात. तिथले अर्थशास्त्राचे पंडित त्यावरून शोधून काढतात की माणसाला सुख नेमकं कशाने लाभतं.

"सुखाचा हिशेब अर्थशास्त्रवाले करणार?" ओन्नोला हसू आवरेना. "मग आमच्या पाद्रीबुवांनी काय करायचं? बटाट्याचे भाव ठरवायचे?"

बाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या कपातला चमचा किणकिणला. प्रश्नांची लांबलचक रांग संपली आणि त्यांनी शेवटचा प्रश्न वाचला. तो त्या नेहमी शब्दन् शब्द वाचत. "सगळं मिळून बघता, सध्या तुम्ही आपल्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे पूर्णपणे."

"दहा," ओन्नो छाती काढून म्हणाला.

"दहा?" स्वयंपाकघरातून टाल्के. "काल छपरावरून तासभर कोण कुरकुरत होतं? बाई, आठ लिहा. तो आठ आहे."

"मला त्यांनी सांगितलेलंच लिहावं लागतं," बाई म्हणाल्या.

ओन्नोने मान खाजवली. छप्पर आठवलं, फोरमनचं तोंड आठवलं. "लिहा आठ," तो म्हणाला. मग टाल्केची पाळी आली. तिने हात पुसत पुसतच सांगून टाकलं, "नऊ."

"नऊ? माझ्यापेक्षा एक जास्त? तो कुठून आला?"

"तुझ्यासारख्या आठवाल्याबरोबर राहून मी नऊ आहे. बाई, ह्याला एखादं पदक मिळतं का बघा माझ्यासाठी."

त्या वर्षापासून हे आकडे घरच्या बोलण्यात शिरले. सूप करपलं तर ते चार. वीबकेचा पहिला दात पडला तो दिवस नऊ. हिवाळा सरत आला, बांधावर मेंढ्यांची पिल्लं दिसायला लागली की दिर्क्सनबाई यायच्या, तीन कप चहा प्यायच्या, चौथा नको म्हणून चमचा कपात आडवा ठेवायच्या, आणि ओन्नो दर वर्षी आठ सांगायचा. टाल्के म्हणायची, ह्याच्यावर घड्याळ लावावं.

मग कारखाना बंद पडला.

आधी कामं कमी झाली, मग रात्रपाळी गेली, मग एका शुक्रवारी सगळ्यांना फाटकापाशी बोलावून सांगण्यात आलं. घरात खायला काही कमी पडलं नाही. सरकारी भत्ता होता, टाल्केची बेकरी होती, मागच्या अंगणात कोबी होता. शेजारपाजारचे म्हणायचे, ओन्नोचं तसं बरं चाललंय. ओन्नोही दिवसभर शीळ वाजवायचा. कोठारातली हत्यारं घासूनपुसून लावताना शीळ, वीबकेला शाळेत सोडून येताना शीळ. फक्त येताना तो हमरस्त्याने यायचा नाही. कारखान्यातला कोणी भेटू नये म्हणून मागच्या कालव्याच्या वाटेने यायचा.

त्या हिवाळ्यात दिर्क्सनबाई आल्या तेव्हा त्याने बसताना खुर्ची नीट ओढलीही नाही.

"शेवटचं तेवढं तुम्हीच लिहून टाका ना," तो म्हणाला. "तुम्हाला माझा आकडा पाठ आहे."

"मला मनाने लिहिता येत नाही, बोलेनसाहेब."

तो बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडावरची फुलं बघत राहिला. "दोन," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. टाल्के बाहेर आली नाही. बाईंनी आकडा लिहिला, तिचे प्रश्न तिला विचारले, आणि एरवीपेक्षा लवकर चमचा कपात ठेवून त्या गेल्या.

"दोन?" दार लागल्यावर टाल्के म्हणाली.

"हं."

"आणि दिवसभर शीळ वाजवतोस?"

"नाही वाजवली तर तू विचारशील ना, काय झालं म्हणून."

टाल्के ओल्या हातांनीच त्याच्यासमोर बसली. "बरं. आता विचारतेय."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्या संध्याकाळइतकं ओन्नो कधी बोलला नव्हता. पैशांबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. म्हणाला, "सकाळी सगळं गाव कुठेतरी जातं. मी नुसता उठतो."

टाल्केच्या बेकरीत, नदीचे बांध आणि चर सांभाळणाऱ्या बांधमंडळाचा हार्म आयलर्स रोज पाव न्यायला यायचा. गावच्या पंपघराला माणूस हवाय, एवढं तिला त्याच्याकडून कळलं होतं. ओल्डरझीलची जमीन नदीच्या पाण्याहून खाली आहे. चरांमधलं पाणी उपसून बांधापलीकडे टाकलं नाही तर आठवडाभराच्या पावसात गाईंचे गुडघे बुडायचे. ओन्नोने आधी तोंड वाकडं केलं. इतकी वर्षं जहाजं जोडली, आता पाण्याचे खटके दाबत बसू? शिवाय पगार कारखान्याच्या मानाने बराच कमी.

"तू जा," टाल्के म्हणाली. "मला ती शीळ ऐकवत नाही आता."

तो गेला. पंपाचा झिजलेला पट्टा त्याने पहिल्या आठवड्यात नवा बसवला, झडपा खोलून साफ केल्या. शरद ऋतूत मोठं वादळ आलं तेव्हा पंप चालला, पाणी चरांतच राहिलं. दुसऱ्या दिवशी हमरस्त्याने घरी येताना ज्याच्या त्याच्या फाटकातून त्याला "मोईन" आलं, म्हणजे आमच्याकडचा रामराम. आमच्याकडे कोणी कोणाची याहून जास्त स्तुती करत नाही.

पुढच्या हिवाळ्यात दिर्क्सनबाईंनी पगाराचा आकडा लिहिला, तो बघून त्यांची भुवई थोडी हलली. मग शेवटचा प्रश्न. ओन्नो म्हणाला, "आठ."

बाईंचं पेन थांबलं. "बरोबर ऐकलं ना मी?"

"बरोबर ऐकलंत. पगार तिकडच्या रकान्यात लिहा, हा इकडच्या."

काही वर्षांनी बर्लिनहून आभाराची एक पातळशी पुस्तिका आली. तिच्यात साध्या भाषेत लिहिलं होतं की नोकरी जाते तेव्हा माणूस पगारापेक्षा बरंच जास्त काही गमावतो, आणि ते नुसत्या भत्त्याने भरून येत नाही. टाल्केने ते जेवताना मोठ्याने वाचलं. "हे तुझ्यावरच लिहिलंय."

"देशात इतके बेकार झाले होते. माझ्यावर कशाला?"

"बेकार पुष्कळ असतील. शीळ वाजवणारा एकच होता."

ओन्नोने आणखी बटाटे वाढून घेतले. पण ती पुस्तिका त्याने पंपघरात नेऊन ठेवली, आणि कोणी आलं की ती टेबलावर सहज पडलेली असायची.

वीबके सतरा वर्षांची झाली तेव्हा नियमाप्रमाणे तिलाही प्रश्न आले. आईबापांकडे बघून तिने ठसक्यात "पाच" सांगितलं. "कोण आहे तो मुलगा?" टाल्केने विचारलं, आणि वीबके लाल होऊन खोलीत निघून गेली. पुढे ती ओल्डेनबुर्गला गेली, प्राथमिक शाळेत शिकवायला लागली, संध्याकाळी चर्चच्या गायकवृंदात गायची. घर सुटलं तरी प्रश्न सुटले नाहीत. तिकडे तिच्याकडे दुसरा एक मुलाखतकार जायला लागला. लग्न तिने केलं नाही. आईला मात्र रोज संध्याकाळी फोन करायची, आणि त्या फोनवर काय चालायचं ते ओन्नोला कधी कळलं नाही. फक्त हसणं ऐकू यायचं.

ओन्नो निवृत्त झाला. पुढच्याच वसंतात टाल्केच्या पोटात दुखायला लागलं, आणि ऑक्टोबरात ती गेली. घरीच गेली. बांधाकडच्या खिडकीशी तिचा पलंग लावला होता. शेवटचे आठवडे वीबके रजा काढून आली होती. दोघं आळीपाळीने बसायची.

हिवाळा सरताना दिर्क्सनबाई आल्या. त्यांचे केस आता पांढरे झाले होते, चामड्याच्या पिशवीत कागदांऐवजी छोटा संगणक होता. त्यांनी ओन्नोचा हात हातात घेतला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. त्या दिवशी वीबकेही घरी होती. आईचे कपडे आवरायला आली होती.

"घरात राहणाऱ्या व्यक्ती?" बाईंनी विचारलं.

"एक," ओन्नो म्हणाला. त्यानंतर तो थोडं पाणी प्यायला.

बाकीचे प्रश्न सरले. शेवटचा आला, शब्दन् शब्द तोच. ओन्नो खिडकीबाहेर बघत बसला. बांधावर एक मेंढी उतारावर उभी राहून चरत होती. बाईंनी घाई केली नाही.

"सात," तो म्हणाला.

"किती?"

हे बाईंनी विचारलं नव्हतं. वीबके दारात उभी होती, हातात आईच्या स्वेटरांचा गठ्ठा.

"बाबा, किती म्हणालास तू?"

"सात."

"गेल्या वर्षी आठ होते ना? नेहमी आठच असतात. म्हणजे आई एका गुणाची होती?"

"वीबके, अगं..."

"एक गुण! पोरांनी एक स्पेलिंग चुकवलं की मी कापते तेवढा. अजून वर्षही झालं नाही, बाबा. तुला लाज कशी नाही वाटली?"

दिर्क्सनबाईंनी मान खाली घालून संगणक अलगद मिटला. अशा वेळी काही बोलायची त्यांना परवानगी नव्हती, आणि असती तरी काय बोलल्या असत्या कोण जाणे. वीबकेने स्वेटर खुर्चीवर टाकले आणि संध्याकाळच्या गाडीने ती निघून गेली.

त्यानंतर ओन्नो फोन करायचा तेव्हा ती म्हणायची, "कामात आहे, बाबा." ईस्टर आला. ती आली नाही. ओन्नोने एकट्यासाठी अंडी उकडली आणि एकही खाल्लं नाही. बांधावरून चालताना तो पुन्हा पुन्हा मनाशी तपासायचा. आपलं चुकलं का? पाच म्हणायला हवं होतं का? लोक काय म्हणत असतील अशा वेळी?

शेवटी त्याने दिर्क्सनबाईंना फोन लावला.

"बाई, तो आकडा बदलता येतो का?"

"चुकून सांगितला होतात का?"

ओन्नोने विचार केला. रोज सकाळी टाल्केच्या रिकाम्या बाजूकडे बघून तो उठत होता, तिथपासून विचार केला. "नाही," तो म्हणाला.

"मग राहू दे, बोलेनसाहेब," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पुस्ती जोडली, "पण हे तुम्ही मला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी ओन्नो लेअरहून ओल्डेनबुर्गच्या गाडीत बसला. तिच्याकडे तो नेहमी टाल्केबरोबर जायचा. कुठे उतरायचं, कुठल्या बाजूला वळायचं, ते टाल्के बघायची. या वेळी तो दोनदा चुकला. हातात चहाचा डबा आणि खडीसाखर होती, कारण वीबके टी-बॅगचा चहा प्यायची हे त्याला माहीत होतं, आणि कितीही वाईट बातमी असली तरी ती त्या चहावर ऐकायची त्याची तयारी नव्हती.

वीबकेने दार उघडलं. भर दुपारी ती रात्रीच्या कपड्यांत होती. तिच्यामागे पडदे ओढलेले, मोरीत भांड्यांचा ढीग.

"शाळा?" ओन्नोने विचारलं.

"रजा घेतलीय."

"कधीपासून?"

ती आत वळली. ओन्नोने कोट काढला, एक भांडं घासलं, पाणी ठेवलं. चहा कपांत ओतला. साखर तडकली तेव्हा वीबकेने डोळे मिटून घेतले.

"हे बघ," ओन्नो म्हणाला. वाटेत त्याने जे जुळवलं होतं ते सगळं गळून गेलं होतं, म्हणून तो सुचेल तसा बोलला. "ती बाई विचारते, सगळं मिळून. आज कसं वाटतं असं नाही विचारत. सगळं मिळून म्हटल्यावर तुझी आई त्यात आली ना? ती वजा कशी करू मी? ती पंपघरात मला ढकलत होती ते त्यात आहे. तू टेबलाखाली होतीस ते आहे. मी दोन म्हटलं असतं तर त्याचा अर्थ, तिने मला काहीच दिलं नाही. ती गेली आणि जाताना सगळं घेऊन गेली. तशी नव्हती ती."

वीबके कपाकडे बघत होती. "तुला तिची आठवण येत नाही?"

"तो प्रश्नच नाही त्यात. असता तर दहा सांगितले असते."

ती हसली की रडली हे आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. त्याने खुर्ची तिच्या बाजूला ओढली.

"माझ्याकडेही आला होता तो मुलाखतकार," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "तुझ्याकडच्या त्या दिवसानंतर लगेच."

"मग?"

"मी आठ सांगितलं."

"आठ?" ओन्नोचा आवाज चढला. "माझ्यापेक्षा एक जास्त? आणि माझी लाज काढलीस?"

"परका माणूस होता बाबा. खरं सांगायला गेले असते तर तिथेच रडायला लागले असते. तो म्हणाला, छान. कोट घातला आणि गेला."

"आणि खरं किती होतं?"

वीबकेने चमचा उचलला, पुन्हा ठेवला. "एक. कदाचित तेवढंही नाही. रोज संध्याकाळी सात वाजले की मी फोनकडे बघते. तू तुझा सात सांगितलास तेव्हा मला वाटलं, तू दुःखाच्या पलीकडे पोचलास आणि मी एकटीच इकडे राहिले."

ओन्नोला जुन्या मेणकापडावरची फुलं आठवली. स्वतःचा तो दोनचा हिवाळा आठवला. त्याने तिला उपदेश केला नाही. त्याला उपदेश करता येतही नसे. तो म्हणाला, "मी राहतो थोडे दिवस. तुझा सोफा किती लांब आहे?"

"तुझ्याहून आखूड आहे."

"पाय बाहेर ठेवीन."

थोडे दिवस म्हणता म्हणता तो जूनअखेर शतावरीच्या भाजीचा मोसम संपेपर्यंत राहिला. त्याने पडदे उघडले, गळका नळ दुरुस्त केला, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीची सायकलही दुरुस्त करून दिली. वीबकेला डॉक्टरांकडे जायचा धीर होईना तेव्हा तो बरोबर गेला आणि बाहेर बाकावर बसून राहिला. डॉक्टरीणबाईंनी तिला औषध दिलं, दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं. आधी अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस ती शाळेत जाऊ लागली. गाण्याला मात्र जाईना. गळा भरून येतो म्हणाली.

"भरू दे," ओन्नो म्हणाला. "तिथे इतके जण गातात, एक जण गप्प राहिला तर कोणाला कळतंय? ओठ हलव नुसते."

ती गेली. तो चर्चच्या मागच्या बाकावर बसला. पहिल्या दिवशी तिने खरंच नुसते ओठ हलवले. तिसऱ्या खेपेला एका ओळीत तिचा आवाज त्याने ओळखला. टाल्केने तो आवाज आधी ओळखला असता, पण त्यानेही ओळखला.

घरी परतल्यावर संध्याकाळी सातला ओन्नो फोनजवळ बसायला लागला. सुरुवातीला दोघांची पंचाईत व्हायची. हवेबद्दल बोलून झालं की विषय संपायचे. मग वीबके वर्गातल्या पोरांच्या गमती सांगायला लागली आणि ओन्नोला एकदाचं कळलं, त्या फोनवर आई आणि मुलगी कशाला हसत होत्या ते.

पुढच्या हिवाळ्यात गोळे खेळायच्या मोसमात वीबके गायकवृंदातल्या दोन मैत्रिणींना घेऊन ओल्डरझीलला आली. आमच्याकडे थंडीत रस्त्यावरून गोळा लोटत लोटत पुढच्या गावापर्यंत जायचं, वाटेत हातगाडीवरची कडक दारू घ्यायची आणि शेवटी कुठल्यातरी खानावळीत केल नावाची पालेभाजी आणि सॉसेजवर ताव मारायचा, असा हा खेळ आहे. ओल्डेनबुर्गच्या पाहुण्यांना सोपा वाटला. ओन्नोच्या खिशातला फोन वाजला तेव्हा त्याची पाळी आली होती.

"दिर्क्सनबाई? आज नको हो, आज आम्ही खेळतोय. उद्या या. नाही, उद्या दुपारी. सकाळी आम्ही झोपणार." त्याने फोन बंद केला, धावत जाऊन गोळा सोडला, आणि तो वळणावर नेमका चरात गेला.

"बाबा!" वीबके ओरडली. "इतकी वर्षं याच चरातलं पाणी उपसलंस, अजून कळत नाही तो कुठे आहे?"

"वारा होता."

"वारा? झाडाचं पानसुद्धा हलत नाहीये!"

मैत्रिणी हसून हसून वाकल्या. ओन्नोने गोळे काढायची लांब काठीची जाळी उचलली, काठावर गुडघे टेकले आणि बर्फाचा पापुद्रा फोडून पाण्यात चाचपू लागला. वीबकेने मागून त्याचा कोट घट्ट धरून ठेवला, तो आत पडू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने ती दाखवत होती, "डावीकडे. अजून डावीकडे. अरे, तुझ्या डावीकडे!"